बारावीच्या रकान्यात काय लिहायचं? सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज करणाऱ्या सांगलीकडच्या पोरांसाठी

माझ्याकडं बारावीची मार्कशीट नाही. दहावीनंतर मी डिप्लोमाला गेले, तीन वर्षं कॉम्प्युटर केलं आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड या पट्ट्यात कितीतरी पोरं याच वाटेनं जातात. तरीही पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा आठवडे आणि सहा फेऱ्या झाल्यावर माझं काम अडलं ते याच कागदापाशी.

त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘बारावीची टक्केवारी’ हा रकाना सक्तीचा होता. रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं सरकायचा नाही. फोनवर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “डिप्लोमाचे टाका, चालतंय.” मी टाकले. अकराव्या आठवड्यात कागदपत्रं तपासणाऱ्या वेगळ्याच माणसाचा मेल आला की अर्जातली माहिती आणि कागद जुळत नाहीत, त्यामुळं तुमची निवड थांबवली आहे. तोवर त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. त्या मला काय म्हणाल्या होत्या, हे दाखवायला माझ्याकडं एक ओळसुद्धा नव्हती.

माझे वडील, अण्णा, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्या रात्री मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पट्टी कुठाय?”

शेतकऱ्याचा माल विकला की किती पोती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती हे सगळं लिहून त्याच्या हातात पट्टी देतात. पट्टी नसेल तर आठ दिवसांनी भावावरून बोलायला जागाच राहत नाही. मी अकरा आठवडे तोंडी सौदा करत होते. त्यानंतर मी पद्धत बदलली आणि पुढच्या पाच महिन्यांत मला दुसरीकडं नोकरी लागली. आता गल्लीतली, नात्यातली, डिप्लोमाच्या जुन्या कॉलेजातली पोरं विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. एक्सेल चालतं, पण एचआरचा फोन नेमका एसटीत किंवा भाजी घेताना येतो, आणि अशा वेळी मला वहीच बरी पडते. प्रत्येक कंपनीला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर पदाचं नाव, जाहिरात कुठं आणि कधी पाहिली, कोणता सीव्ही पाठवला. जाहिरातीचा सगळा मजकूर कॉपी करून फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ठेवा आणि फाइलचं नाव वहीत लिहा. जाहिरात मध्येच काढून टाकतात, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री नेमकं काय मागितलं होतं ते कुठंच सापडत नाही.

उजवं पान तारीखवार भरायचं. कोणाचा फोन, काय ठरलं, पुढं कोण काय करणार, कधीपर्यंत. अण्णांच्या रोजमेळासारखं. माझ्या वहीत त्या कंपनीचं पान मी आठवून आठवून नंतर भरलं, तेव्हा कळलं की सहा फेऱ्यांत मी पाच वेगवेगळ्या एचआरशी बोलले होते. तुम्हाला ओळखणारा माणूस सतत बदलत असतो. नव्या माणसाकडं फक्त कॉम्प्युटरमधली नोंद जाते. तुमचं फोनवरचं बोलणं त्या नोंदीत असेलच असं नाही.

म्हणून फोन संपला की पंधरा मिनिटांच्या आत मेल टाकायचा. इंग्रजीत लिहा, पण मजकूर एवढाच ठेवा: “आत्ता आपलं बोलणं झालं, धन्यवाद. ठरलं ते असं: माझं बारावी झालेलं नाही, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि आपल्या सांगण्यावरून मी बारावीच्या रकान्यात डिप्लोमाची टक्केवारी लिहिली आहे. यात काही बदलायचं असल्यास कळवावं.” उत्तर आलं नाही तरी हा मेल तुमची पट्टी आहे. मॅडम गेल्या तरी तो राहतो. आणि हे भांडण्यासाठी नाही, बहुतेक वेळा एचआरला स्वतःलाच त्याचा उपयोग होतो, कारण त्यांच्या हाताखालून त्या दिवसात कितीतरी अर्ज गेलेले असतात.

फॉर्म भरताना

बारावीच्या रकान्याबद्दल आता स्पष्ट सांगते. शून्य टाकू नका, अंदाजे आकडा टाकू नका. फॉर्ममध्ये कुठं ‘इतर माहिती’ची चौकट असेल तर तिथं पहिली ओळ डिप्लोमाची लिहा. कव्हर लेटर जोडायची सोय असेल तर त्यातही. काहीच नसेल तर फॉर्म पाठवायच्या आधी जाहिरातीतल्या पत्त्यावर मेल करून विचारा. दोन दिवस वाट पाहा आणि उत्तर नाही आलं तर डिप्लोमाचे टक्के टाकून, तसं टाकल्याचा मेल करून फॉर्म पाठवा. सीव्हीवर ‘दहावी, डिप्लोमा, पदवी’ अशा तीन ओळी ठळक दिसू द्या. गुणपत्रिकेवर ग्रेड पॉइंट असतील आणि फॉर्म टक्के मागत असेल तर विद्यापीठाचंच सूत्र वापरा. आपल्याकडं बहुतेकांचं शिवाजी विद्यापीठ असतं, पण स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेजकडून सूत्राचा कागद मागून घ्या. सरसकट दहानं गुणू नका.

दुसरी अडचण नावाची, आणि ती जवळजवळ प्रत्येकाची आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात. आधारवर आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. पॅनवर आणखी वेगळं असू शकतं. माझ्या आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त होता, तो मला चोवीस वर्षांची होईपर्यंत दिसलाच नव्हता. पीएफचा खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, आधारशी जोडलेला असतो. तिथं नाव जुळलं नाही तर नोकरी लागल्यावरही पीएफ अडकतो. अर्ज सुरू करायच्या आधीच एक संध्याकाळ काढा, दहावी, डिप्लोमा किंवा बारावी, पदवी, आधार, पॅन, बँक पासबुक असे सगळे कागद चटईवर ओळीनं मांडा आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचा. आई नाहीतर बहिणीला समोर बसवा, दुसऱ्याच्या डोळ्याला चूक लवकर दिसते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला त्याच ढिगात ठेवावा.

अर्जाच्या वेळीच कोणी आधारची प्रत मागितली तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार काढता येतं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. तेच पाठवा.

सीव्ही माणसाआधी मशीन वाचतं

मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात. ते सीव्हीतून नाव, शिक्षण, अनुभव वेगळं काढून आपल्या चौकटीत भरतं, आणि एचआर त्यात शब्द टाकून शोधतो. माझा पहिला सीव्ही फार देखणा होता. डावीकडं निळी पट्टी, त्यात कौशल्यं, उजवीकडं शिक्षण, प्रत्येक भाषेपुढं पाच ठिपके. एका सीनिअर ताईनं मला सांगितलं, “पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट कर, नोटपॅडमध्ये पेस्ट कर आणि वाच.” मी वाचलं. “जावा सांगली पायथन पदवी २०२१ मराठी डिप्लोमा” असं एकापुढं एक. ठिपक्यांच्या जागी चौकोन. निळ्या पट्टीतला फोन नंबर तर आलाच नव्हता. चार महिने मी असा कागद पाठवत होते.

हे एवढं आज करून बघा. नोटपॅडमध्ये जे वाचता येतं तेच मशीनच्या पदरात पडतं असं धरा. एकच उभा रकाना, साधे मथळे, तक्ते नाहीत, चित्रं नाहीत, फोन आणि ईमेल वरच्या मजकुरातच, हेडरमध्ये नाही. जाहिरातीत जो शब्द असेल तोच वापरा, अर्थात ते काम तुम्हाला येत असेल तरच. आणि प्रोजेक्ट लिहिताना ‘वेब ॲप्लिकेशन बनवलं’ एवढ्यावर थांबू नका. मी इथल्या एका छोट्या फर्ममध्ये दोन वर्षं काम केलं, तिथं दूध संस्थेसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर होतं. आधी मी लिहिलं होतं ‘डेअरी मॅनेजमेंट सिस्टीम’. नंतर लिहिलं की सकाळ-संध्याकाळच्या संकलनात फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर काढणं, दहा दिवसांची बिलं, आणि नेट गेल्यावर नोंद फोनमध्ये साठवून नंतर चढवणं हे मी केलं. त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मला त्या शेवटच्या गोष्टीवर प्रश्न आला. आपल्या गावातलं काम छोटं असतं असं मनात धरू नका. नेट नसताना चालणारं सॉफ्टवेअर करणं अवघड आहे आणि ते तुम्ही केलेलं आहे.

पैसे मागितले तर तिथंच थांबा. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची रक्कम, नाव काहीही असो. मेलच्या पत्त्यात ॲटच्या पुढं कंपनीचं स्वतःचं नाव आहे का बघा, आणि तीच जागा कंपनीच्या वेबसाइटवर करिअरच्या पानावर आहे का तेही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता जास्त.

टेस्टच्या दिवशी लाईट

ऑनलाइन टेस्टला कॅमेरा चालू असतो, खिडकी बदलली तर नोंद होते, घरात दुसरा आवाज आला तर इशारा येतो. मुंबई-पुण्यात स्वतंत्र खोली असलेल्या मुलासाठी हे ठीक आहे. आमच्या घरी दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. माझ्या टेस्टच्या आधी कॅमेरा सगळ्या खोलीभर फिरवून दाखवायचा होता. कॉटवर आजी झोपली होती. तिला गुडघ्यांमुळं उठवून बाहेर नेणं सोपं नव्हतं, तरी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि सांगितलं की दीड तास बोलायचं नाही. ती खरंच दीड तास तोंडातून शब्द न काढता बसली. चाळिसाव्या मिनिटाला लाईट गेली. राऊटर बंद, टेस्ट बंद. फोनच्या हॉटस्पॉटवर परत आले तर ‘तुमची टेस्ट संपली आहे’ असं स्क्रीनवर.

त्या दिवशी मी एक गोष्ट बरोबर केली होती, तीच तुम्हाला सांगते. स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोननं काढला, त्यात वेळ दिसत होती. महावितरणचा वीज गेल्याचा मेसेज आला, त्याचाही स्क्रीनशॉट घेतला. तासाभरात दोन्ही जोडून मेल केला आणि टेस्ट पुन्हा द्यायची विनंती केली. तिसऱ्या दिवशी नवी लिंक आली. उशीर केला असता तर आली नसती, कारण निकाल लागून गेला की कोणी मागं जाऊन बघत नाही.

दुसऱ्या वेळी मी घरी बसलेच नाही. मैत्रिणीच्या क्लासची खोली रविवारी रिकामी असते, तिथं इन्व्हर्टर आहे. तुमच्या ओळखीत असा कोणी नक्की असतो, डॉक्टर, सीए, क्लासवाले सर. लाज न धरता विचारा. महावितरणकडं तुमचा मोबाइल नंबर नोंदलेला असेल तर ठरवून होणाऱ्या शटडाउनचा मेसेज आधी येतो. वीजबिल अण्णांच्या नावावर आणि नंबर कोणाचाच नाही, अशी आमची स्थिती होती. तो नंबर आधी नोंदवा. लॅपटॉप पूर्ण चार्ज, हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून पाहिलेला, ओळखपत्र हाताशी, आणि जी ‘सिस्टीम चेक’ची लिंक देतात ती आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला चालवून बघा.

घरी करायला दिलेलं काम

टेस्ट झाल्यावर मला एक असाइनमेंट आली. ‘साधारण चार तासांचं काम’ असं लिहिलं होतं, मुदत सोमवार सकाळ. वाचल्यावरच कळलं की हे चार तासांचं नाही, लॉगिनपासून रिपोर्टपर्यंत सगळं मागितलं होतं. त्यात ते जुलैचे शेवटचे दिवस. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चाललेलं. कर्नाळ रोडला माझ्या आत्याचं घर आहे, तिथली गव्हाची पोती, फ्रिज, देवघर सगळं वरच्या मजल्यावर न्यायला आम्ही शुक्रवारी रात्री गेलो. शनिवारी दुपारी परत आले ते कपडे चिखलानं भरलेले, आणि तशीच बसून मी कोड लिहायला लागले. रविवारी पहाटे तीनला माझ्या लक्षात आलं की मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. ते समोरच्याला कसं कळणार होतं?

मी दोन ओळी लिहिल्या: “सांगलीत पूरस्थिती आहे, नातेवाइकांचं घर रिकामं करत होतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत मुदत मिळाली तर नीट करून देते.” सोमवारी सकाळी उत्तर आलं, ‘हो, काळजी घ्या.’ मागायला मी तीन दिवस उशीर केला होता, द्यायला त्यांना एक मिनिट लागलं.

तर काम हातात आलं की त्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: किती तास अपेक्षित आहेत, कोण तपासणार, आणि पूर्ण झालं नाही तर अर्धवट चालेल का. मग तेवढेच तास द्या, फार तर दुप्पट. जे राहिलं ते सोबतच्या फाइलमध्ये लिहा: हे केलं, हे वेळेअभावी सोडलं, वेळ असता तर असं केलं असतं. मी दुसऱ्या कंपनीला असंच अर्धं काम आणि एक पान खुलासा दिला, मुलाखतीतलं अर्धं बोलणं त्या पानावरच झालं. असाइनमेंट म्हणून त्यांच्या चालू प्रॉडक्टमधलंच काम दिलंय अशी शंका आली तर सरळ विचारा की याचा वापर होणार आहे का. उत्तर गोलमाल आलं तर मी ते काम करत नाही. आठवडाभर फुकट राबणं ही परीक्षा नव्हे.

पुण्याला बोलावलं तर

सांगली ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रात्रीच्या एसटीनं पहाटे स्वारगेटला उतरायचं, तिथं तोंड धुवायचं, आणि हिंजवडीला पोचायला सकाळच्या गर्दीत दीड-दोन तास धरायचे. मी असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी अकराची मुलाखत होती. मी दहाला गेटवर. पास काढला, गळ्यात अडकवला, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले. अकरा वाजले, बारा वाजले. आईनं दिलेला भडंगाचा पुडा पिशवीत होता पण तिथं आवाज होईल म्हणून उघडला नाही. एक वाजता रिसेप्शनच्या ताईनं स्वतःहून पाणी आणून दिलं. दोनला निरोप आला की मॅनेजर दुसऱ्या मीटिंगमध्ये आहेत, आपण ऑनलाइन करू. मी तो पास परत देताना माझे हात थरथरत होते, रागानं.

त्यानंतर मी ठरवलेले नियम असे. पहिल्या दोन फेऱ्या ऑनलाइनच मागायच्या. प्रत्यक्ष बोलावलं तर उरलेल्या सगळ्या फेऱ्या एकाच दिवशी ठेवा अशी लेखी विनंती करायची, आणि मी सांगलीहून येते, प्रवास एका बाजूनं पाच-सहा तासांचा आहे हे त्यात लिहायचं. कित्येकांना सांगली म्हणजे पुण्याच्या कडेला कुठंतरी आहे असंच वाटतं. प्रवासखर्च मिळतो का हेही विचारायचं, काही ठिकाणी तिकीट दाखवलं की देतात. आदल्या दिवशी दुपारी चारला ‘उद्याची वेळ पक्की आहे ना’ असा मेल करायचा, आणि उत्तर आल्याशिवाय एसटीत बसायचं नाही. वेळ दोनदा बदलली तर समजून घेते. तिसऱ्यांदा बदलली तर नम्रपणे सांगते की आता नक्की तारीख ठरल्यावरच रजा टाकीन.

मुलाखतीतल्या इंग्रजीची भीती मला फार होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला उपयोग झाला तो एकाच सरावाचा: रोज एक प्रश्न सोडवताना मोठ्यानं, तुटक का होईना, इंग्रजीत बोलत राहणं. समोरच्याला तुमचा विचार कसा चालतो ते ऐकायचं असतं. गप्प बसून बरोबर उत्तर काढलं तर त्याला मधलं काहीच दिसत नाही. प्रश्न कळला नाही तर “पुन्हा सांगाल का” म्हणा, आणि कळलेला प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगून मगच सुरुवात करा. एका मुलाखतीत मी असं परत सांगितलं तेव्हा लक्षात आलं की मी भलताच प्रश्न सोडवायला निघाले होते.

उत्तर येत नाही तेव्हा

हा सगळ्यात वाईट भाग. शेवटच्या फेरीनंतर ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणतात आणि फोन उचलणं बंद होतं. मी दर तासाला मेल उघडायची, जेवताना फोन ताटाशेजारी. घरात कोणी विचारलं की चिडायची.

आता मुलाखत संपतानाच विचारते, “कधीपर्यंत कळेल?” तारीख वहीत लिहिते. त्या तारखेनंतर कामाचे दोन दिवस सोडून पहिला मेल. आणखी पाच कामाच्या दिवसांनी दुसरा, त्यात एकच वाक्य, ‘अजून प्रक्रिया चालू आहे की नाही एवढं कळवावं.’ त्यानंतर पाच दिवसांनी वहीत ‘बंद’ लिहून तारीख टाकते. फोन करून करून आवाज बारीक करून घेत नाही. बंद लिहिलेल्या कंपनीचा नंतर फोन आला तर आनंदच आहे, पण मी वाट बघत नाही. त्याच आठवड्यात दुसरे दोन अर्ज गेलेले असतात. गप्प बसण्यामागं बजेट थांबणं, मॅनेजर बदलणं, आतलाच माणूस घेणं अशी कारणं असतात आणि ती तुम्हाला कधीच सांगत नाहीत. त्यावरून स्वतःची किंमत काढू नका. आणि हातातली नोकरी सोडायचा अर्ज ऑफर लेटर हातात पडेपर्यंत द्यायचा नाही. ‘तुमचं झालंच समजा’ हे ऑफर लेटर नव्हे.

ऑफर आली की आकडा मोडून बघा

समजा वर्षाला ८ लाख सीटीसी आहे, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण एवढा खर्च धरते. घरचे लगेच बारानं भागतात, ६६ हजार. तसं नसतं. समजा त्यात ८० हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे मिळालं तर मिळालं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४ लाख धरला तर त्याच्या १२ टक्के म्हणजे ४८ हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १९,२४०. हे वजा जाता महिन्याला सुमारे ५४,४०० उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,००० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात ५० हजारांच्या आसपास. काही कंपन्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच पीएफ कापतात, तिथं कपात महिना १,८०० होते आणि हातातली रक्कम थोडी वाढते. म्हणून ‘सीटीसी किती’ एवढ्यावर हो म्हणू नका, पगाराची फोड लेखी मागा. पुण्यातलं भाडं, डिपॉझिट आणि मेस त्या ५० हजारांतून जाणार आहे.

बॉण्ड, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर दोनदा वाचा. ‘बॉण्ड कोर्टात टिकत नाही’ असं मित्र छातीठोक सांगतात, त्यावर जाऊ नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडं काम करायचंच नाही अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळं सहसा टिकत नाही, हे खरं. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. किती वर्षं, किती रक्कम, आणि ती कशाबद्दल, हे विचारा आणि पेलणार असेल तरच सही करा. मूळ मार्कशीट कोणाकडंही ठेवायला देऊ नका. दाखवायची, समोर तपासू द्यायची, परत पिशवीत घालायची. माझ्या सगळ्या मूळ प्रती आईच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली आहेत आणि तिथून माझ्याशिवाय कोणाबरोबर बाहेर पडत नाहीत.

मागच्या महिन्यात त्याच पहिल्या कंपनीतून फोन आला. आवाज नवा, पण पद तेच. “तुमचं प्रोफाइल आम्हाला आवडलं, फॉर्म भरून द्याल का?” मी वही काढली, पान उघडलं आणि त्यांना सहाही फेऱ्यांच्या तारखा वाचून दाखवल्या. पलीकडं त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती खरंच ओशाळली. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही, मी मेल करते. मेलमध्ये तारखा लिहिल्या, झालेल्या फेऱ्या पुन्हा देणार नाही असं लिहिलं, आणि सक्तीच्या त्या रकान्यात डिप्लोमा लिहायची सोय करा म्हणजे माझ्यामागून येणाऱ्या पोरांचं अडणार नाही, असंही लिहिलं.

चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. जागेबद्दल मॅनेजरला विचारून सांगते म्हणाली. फॉर्ममध्ये ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असा बदल झालाय, त्याचा स्क्रीनशॉट जोडला होता. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “याची प्रिंट काढून वहीत चिकटव.”